पृथ्वीलगतच्या कक्षेतल्या उपग्रहाचा माग कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण २,००० किलोमीटरच्या आत फिरणाऱ्या उपग्रहांच्या कक्षेला पृथ्वीलगतची कक्षा किंवा थोडक्यात लिओ म्हणतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, हवामानाची छायाचित्रं पाठवणारे ध्रुवीय उपग्रह, विद्यार्थ्यांचे क्यूबसॅट (पेटीएवढे छोटे उपग्रह) हे सगळे याच पट्ट्यात. ते डोळ्यांनी पाहायचे, त्यांचे सिग्नल पकडायचे किंवा अँटेना त्यांच्यामागे फिरवायचा, तर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणांतली गणितं ४२० किलोमीटर उंची धरून केलेली आहेत, म्हणजे अवकाश स्थानकाच्या आसपासची.

यात अवघड ते काय? टीव्हीची छत्री तर एकदा लावली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही.

टीव्हीचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून तो आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसतो. ४२० किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला ७.६६ किलोमीटर वेगाने जातो आणि सुमारे ९३ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. तो अगदी डोक्यावरून गेला तरी क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मिळून साडेदहा मिनिटंच मिळतात. त्यातही १० अंशांच्या वर तो जेमतेम साडेसहा मिनिटं असतो आणि ४५ अंशांच्या वर पावणेदोन मिनिटं.

माथ्यावर असताना तो सेकंदाला एक अंश सरकतो. म्हणजे घड्याळ एक सेकंद चुकलं तर उपग्रह साडेसात किलोमीटर पुढे-मागे, आणि तुमचा नेम एक अंशाने हुकलेला. खाली येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे. अँटेना महाग घेण्याआधी घड्याळ बरोबर करा.

पास, एओएस, एलओएस, दिगंश, उन्नतांश हे शब्द सारखे येतात. म्हणजे काय?

उपग्रह तुमच्या क्षितिजावर उगवून मावळेपर्यंतचा एक फेरा म्हणजे पास. उगवण्याचा क्षण एओएस, मावळण्याचा एलओएस, आणि तुमच्या सर्वांत जवळ येण्याचा क्षण टीसीए. दिगंश उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. उन्नतांश म्हणजे क्षितिजापासूनची उंची, क्षितिज ० आणि माथा ९०.

उपग्रह कधी येणार हे कशावरून काढतात?

कक्षेची माहिती देणाऱ्या दोन ओळींवरून. यांना टीएलई म्हणतात. अमेरिकेचं अवकाश दल रडार आणि दुर्बिणींनी हजारो वस्तूंची मोजणी करून या ओळी तयार करतं. त्या स्पेस-ट्रॅक आणि सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. जीप्रेडिक्टसारखा प्रोग्रॅम त्या आपोआप उतरवून घेतो. दर मिनिटाला उतरवत बसू नका. सेलेस्ट्रॅक नवी माहिती दोन तासांतून एकदा तपासतं, त्यामुळे जास्त वेळा मागून काही नवं हाती लागत नाही, उलट तुमचा आयपी अडवला जाऊ शकतो.

उपग्रह नावाने नव्हे, कॅटलॉग क्रमांकाने, म्हणजे या वस्तूंच्या यादीतल्या त्याच्या क्रमांकाने शोधा. अवकाश स्थानकाचा क्रमांक २५५४४. नावं बदलतात, सारखी असतात, चुकीची टंकलेली असतात. क्रमांक एकच राहतो. गंमत म्हणजे या यादीतला क्रमांक १ स्पुटनिकचा नाही, त्याला वर नेणाऱ्या रॉकेटच्या गाभ्याचा आहे. स्पुटनिक क्रमांक २ वर आहे. १९५७ साली लोकांनी ‘स्पुटनिक पाहिला’ म्हणून जे सांगितलं ते बहुतांशी ते रॉकेटच होतं.

त्या दोन ओळी वाचता येतात का?

येतात, आणि एकदा तरी हाताने वाचून पाहाव्यात. प्रत्येक ओळ बरोबर ६९ अक्षरांची असते आणि जागा ठरलेल्या असतात, म्हणून एक मोकळी जागा जरी कमी-जास्त झाली तरी सगळं बिघडतं. ईमेलमधून किंवा चॅटमधून चिकटवलेल्या टीएलईचं हेच होतं: सलग मोकळ्या जागा गिळल्या जातात.

पहिल्या ओळीत १९ ते ३२ या स्थानांवर माहितीची वेळ असते. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढे वर्षातला कितवा दिवस, आणि दशांशात दिवसाचा भाग. २५०३२.५ असेल तर २०२५ सालचा ३२वा दिवस, म्हणजे १ फेब्रुवारी, दुपारचे १२ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). वर्षाचे अंक ५७ ते ९९ असतील तर ते १९०० च्या शतकातलं, ०० ते ५६ असतील तर २००० नंतरचं. ५४ ते ६१ या स्थानांवर बी-स्टार असतो, हवेच्या घर्षणाचा आकडा. तो कधी ऋण दिसला तर दचकू नका. उपग्रह इंजिनाने वर ढकलला की गणिताच्या जुळवणीत तसा येतो.

दुसऱ्या ओळीत ९ ते १६ वर कक्षेचा कल (विषुववृत्ताशी होणारा कोन), १८ ते २५ वर आरोही पाताचा (उत्तरेकडे जाताना विषुववृत्त ओलांडण्याच्या जागेचा) विषुवांश, २७ ते ३३ वर विकेंद्रता (कक्षा किती लांबट ते), ३५ ते ४२ वर उपभूचा (पृथ्वीला सर्वांत जवळच्या बिंदूचा) कोन, ४४ ते ५१ वर मध्यम कोन (उपग्रह फेरीत कुठवर आला ते) आणि ५३ ते ६३ वर दिवसातल्या फेऱ्यांची संख्या. विकेंद्रतेपुढचं दशांशचिन्ह छापलेलं नसतं, ते धरून चालायचं: ०००६७०३ म्हणजे ०.०००६७०३. स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे इथे हमखास फसतात.

शेवटचा, ६९वा अंक तपासणीचा. त्या ओळीतले त्याच्या आधीचे सगळे अंक मिळवायचे, प्रत्येक उणे चिन्हाला १ धरायचा, अक्षरं, टिंबं आणि मोकळ्या जागा सोडून द्यायच्या. बेरजेचा एककाचा अंक तोच यायला हवा.

फेऱ्यांच्या संख्येवरून उंचीही काढता येते. दिवसाला १५.५ फेऱ्या म्हणजे एका फेरीला ९२.९ मिनिटं, आणि केप्लरच्या तिसऱ्या नियमाने कक्षेची त्रिज्या सुमारे ६,७९५ किलोमीटर. त्यातून विषुववृत्तावरची पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ वजा केली की ४१७ किलोमीटर.

कॅटलॉग क्रमांकाला या ओळींत पाचच अंकांची जागा आहे, त्यामुळे ९९,९९९ च्या पुढचे क्रमांक त्यात मावत नाहीत. नवीन प्रोग्रॅम लिहीत असाल तर ओएमएम या नव्या मांडणीत माहिती घ्या. आकडे तेच असतात, जागेची अडचण नसते.

टीएलई किती जुना चालतो?

उंचीवर अवलंबून आहे. ४०० किलोमीटरवर हवा विरळ असली तरी जाणवण्याइतकी असते, तिथे एक-दोन दिवसांपेक्षा जुना वापरू नये. ८०० किलोमीटरवर आठवडाभराचाही साध्या अँटेनासाठी चालून जातो. ताज्या टीएलईतही किलोमीटरभराची चूक असते आणि ती रोज एक ते तीन किलोमीटर वाढते असा ढोबळ अंदाज धरतात. ही चूक बहुतेक सगळी उपग्रहाच्या वाटेच्या दिशेनेच साठते. वाट बरोबर असते, उपग्रह लवकर किंवा उशिरा येतो. आठ किलोमीटर म्हणजे जवळपास एक सेकंद.

दोन गोष्टी हा हिशेब मोडतात. एक, उपग्रहाने इंजिन पेटवलं तर. स्थानकाची कक्षा तर वारंवार उचलावी लागते, आणि त्यानंतर जुना टीएलई सरळ टाकून द्यायचा. दुसरी, सूर्यावरचं वादळ. वादळात वरचं वातावरण तापून फुगतं आणि घर्षण एकदम वाढतं. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ४० याच कारणाने परत वातावरणात आले, कारण त्यांची सुरुवातीची कक्षा फारच खाली होती. अशा दिवसांत सकाळी घेतलेला टीएलई रात्री शिळा होतो.

टीएलईमधले आकडे केप्लरच्या समीकरणांत घातले. जागा बरीच चुकते. का?

कारण ते आकडे त्या समीकरणांसाठी नाहीतच. टीएलईमधले घटक सरासरी काढलेले आहेत आणि ती सरासरी एसजीपी४ या विशिष्ट पद्धतीने काढलेली आहे. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे, त्यामुळे स्थानकाच्या कक्षेचं प्रतल रोज सुमारे ५ अंश पश्चिमेकडे वळतं. हे आणि असे आणखी परिणाम एसजीपी४ पुन्हा मिसळते. म्हणून टीएलई आला की एसजीपी४च वापरायची, त्याहून ‘अचूक’ पद्धत वापरली तरी उत्तर बिघडतं. पायथॉनमध्ये स्कायफील्ड ही लायब्ररी हे सगळं बरोबर करते. स्वतः लिहायचंच असेल तर लक्षात ठेवा: एसजीपी४चं उत्तर टीईएमई नावाच्या, पृथ्वीबरोबर न फिरणाऱ्या चौकटीत येतं. ते पृथ्वीवरच्या अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत आणायला नाक्षत्र वेळेएवढं (ताऱ्यांच्या सापेक्ष पृथ्वी जेवढी फिरली तेवढं) फिरवावं लागतं. ती पायरी विसरली की पास दिसतात, पण भलत्याच वेळी.

माझ्या जागेवरून कोणते पास उपयोगाचे?

आधी कल पाहा. स्थानकाचा कल ५१.६ अंश, म्हणजे तो ५१.६ अक्षांशापलीकडे कोणाच्या माथ्यावर कधी येत नाही. क्षितिजाशी टेकलेला का होईना, तो सुमारे ७२ अक्षांशापर्यंतच दिसू शकतो. ९८ अंशांच्या आसपास कल असलेले सूर्यसमकालिक उपग्रह मात्र सगळीकडून दिसतात, आणि रोज साधारण त्याच घटकेला.

मग पासची कमाल उंची पाहा. प्रत्येक फेरीगणिक स्थानकाची वाट सुमारे २३ अंश पश्चिमेला सरकते, म्हणून एक चांगला पास मिळाला की त्याच्या आधीचा आणि नंतरचा बहुधा खुजा असतो. क्षितिजावर उपग्रह २,३५० किलोमीटर दूर असतो, १० अंशांवर १,४९० आणि माथ्यावर ४२०. क्षितिज ते माथा सिग्नलमध्ये १५ डेसिबेलचा फरक पडतो, म्हणजे तीसपट. सुरुवात करताना ४० अंशांच्या वर जाणारे पास निवडा आणि बाकीचे सोडून द्या.

नुसत्या डोळ्यांनी पाहायला काय लागतं?

अंधार तुमच्याकडे आणि ऊन उपग्रहावर, एवढंच. म्हणून सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयाआधीचे एक-दीड तास. ४२० किलोमीटर उंचीवर माथ्यावरचा उपग्रह सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश जाईपर्यंत उजळलेला राहतो. त्यानंतर तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. पास ऐन भरात असताना स्थानक आकाशाच्या मध्यावरच तांबूस होऊन काही सेकंदांत विझतं ते यामुळे. प्रोग्रॅममध्ये ‘दृश्य पास’ असा पर्याय असतो, तोच लावा. नुसती पासची यादी घेऊन मध्यरात्री गच्चीवर गेलात तर काहीच दिसणार नाही.

स्थानक चांगल्या पासला शुक्राइतकं तेजस्वी होतं. त्याचा उजेड लुकलुकत नाही. तांबडे-हिरवे दिवे दिसले तर ते विमान.

फोटो आणि दुर्बिणीचं काय?

तिवईवरच्या कॅमेऱ्याने रेघ टिपणं सोपं आहे: १४ ते २४ मिलिमीटरची रुंद भिंग, आयएसओ ८०० ते १६००, दहा-दहा सेकंदांचे सलग फोटो, फोकस आधीच एखाद्या ताऱ्यावर हाताने लावून. माथ्याजवळ दहा सेकंदांत सुमारे दहा अंशांची रेघ येते. दोन फोटोंमधल्या खंडामुळे रेघ तुटते, ती नंतर जोडावी लागते.

दुर्बीण हे वेगळं प्रकरण आहे. स्थानक १०९ मीटर लांब आहे, म्हणजे माथ्यावर पन्नासेक कोनीय सेकंद, गुरूच्या बिंबाएवढं. सौरपंखे स्पष्ट दिसू शकतात. पण अर्ध्या अंशाच्या दृष्टिक्षेत्रातून ते अर्ध्या सेकंदात निघून जातं. बरेच जण शोधकदुर्बिणीत धरून हाताने ढकलत राहतात आणि कॅमेऱ्याने सतत व्हिडिओ घेतात. हजारो फ्रेमपैकी काही कामाच्या निघतात.

सिग्नल ऐकायला कमीत कमी काय सामान?

आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर; एसडीआर म्हणजे ज्याचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं असा रेडिओ), संगणक आणि एक साधा अँटेना. डोंगल तापमान-स्थिर ऑसिलेटरचा घ्या. त्याची चूक दशलक्षात एक एवढी असते, ४३७ मेगाहर्ट्झवर साधारण ४४० हर्ट्झ. स्वस्तातल्या डोंगलची चूक दशलक्षात पन्नासपर्यंत जाते, तिथे २२ किलोहर्ट्झ. उपग्रह अपेक्षित जागी सापडत नाही.

हवामान उपग्रहांसाठी १३७ मेगाहर्ट्झचा व्ही-डायपोल उत्तम: ५३.४ सेंटिमीटरच्या दोन कांड्या, मधला कोन १२० अंश, दोन्ही जमिनीला समांतर, व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. हे अँटेना कुठे फिरवावं लागत नाही. जुन्या लेखांत एनओएए १५, १८ आणि १९ यांचं चित्र कसं घ्यायचं ते सांगितलेलं असतं. हे तिन्ही उपग्रह २०२५ साली बंद केले गेले, तेव्हा त्यांच्या नादी लागू नका. आता रशियाचे मेटिओर-एम एन२-३ आणि एन२-४ हे धरावेत: १३७.१ किंवा १३७.९ मेगाहर्ट्झ, एलआरपीटी ही चित्रं पाठवायची डिजिटल पद्धत, सेकंदाला ७२ हजार चिन्हं. सॅटडंप हा प्रोग्रॅम थेट चित्र काढून देतो. डिजिटल असल्याने इथे खरखरीत चित्र असा प्रकार नाही. सिग्नल पुरला तर चित्र स्वच्छ, नाही तर काळी पट्टी.

अँप्लिफायर लावायचा तर अँटेनापाशीच. आरजी-५८ केबल ४३७ मेगाहर्ट्झवर दहा मीटरला सुमारे ३ ते ४ डेसिबेल खाते, आणि केबलनंतर लावलेला अँप्लिफायर सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो. जवळपास एफएम प्रक्षेपण केंद्र असेल तर अँप्लिफायरच्या आधी फिल्टर लागेल, नाही तर डोंगल त्या गोंगाटानेच बहिरा होतो.

डॉप्लर किती आणि तो कसा सांभाळायचा?

उपग्रह जवळ येताना वारंवारता चढलेली ऐकू येते, दूर जाताना उतरलेली. क्षितिजाजवळ स्थानक सेकंदाला सुमारे ७.२ किलोमीटरने आपल्याकडे येत असतं. त्या वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागून वारंवारतेने गुणलं की फरक मिळतो: १४५.८ मेगाहर्ट्झवर साडेतीन किलोहर्ट्झ, ४३७.८ वर साडेदहा, २.२ गिगाहर्ट्झवर ५३. हा बदल सारखा होत नाही. सुरुवातीची काही मिनिटं वारंवारता हलल्यासारखी वाटत नाही आणि टीसीएच्या आसपास ती घसरगुंडीवरून सुटावी तशी उतरते. डोक्यावरच्या पासला ४३७.८ मेगाहर्ट्झवर सेकंदाला सुमारे १९० हर्ट्झ.

एफएम ऐकत असाल तर १४५ मेगाहर्ट्झवर काही करायची गरज नाही, साडेतीन किलोहर्ट्झ फिल्टरमध्ये मावतात. ४३७ वर पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्या पुरतात. एसओ-५० या हौशी उपग्रहाचं उदाहरण घ्या. त्याची उतरती वारंवारता ४३६.७९५ आहे, पास सुरू होताना ४३६.८०५ वर ऐकायचं, मग ४३६.८००, माथ्याशी ४३६.७९५, पुढे ४३६.७९० आणि शेवटी ४३६.७८५. पाच चॅनल मेमरीत भरून ठेवले की एका हाताचं काम.

बोलायचं असेल तर उलटं करायचं. वर पाठवलेली वारंवारता उपग्रहाला चढलेली लागते, म्हणून सुरुवातीला खाली पाठवायची आणि नंतर वर. एसओ-५० ला १४५.८५० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह बोलतात. तो झोपलेला असेल तर आधी ७४.४ हर्ट्झचा टोन देऊन दहा मिनिटांसाठी जागा करावा लागतो. स्थानकावरचा रिपीटर १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनने घेतो आणि ४३७.८०० वर परत देतो. प्रक्षेपण करायला हौशी रेडिओचा परवाना हवा. ऐकणं आणि बोलणं या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एसएसबी (अरुंद पट्ट्यात आवाज पाठवायची पद्धत) आणि मोर्ससाठी मात्र संगणकच लावा. काही शे हर्ट्झच्या फिल्टरमध्ये हाताने पाठलाग होत नाही. जीप्रेडिक्ट हॅमलिबमार्फत (रेडिओ आणि रोटेटर चालवणारी लायब्ररी) रेडिओला दर सेकंदाला नवी वारंवारता देऊ शकतो. एसडीआर असेल तर त्याहून सोपं: पूर्ण पट्टा जशाचा तसा ध्वनिमुद्रित करा आणि डॉप्लर नंतर निवांत काढून टाका.

रोटेटर, म्हणजे अँटेना फिरवणारी मोटर, हवाच का?

बऱ्याचदा नाही. दहा-बारा डेसिबेलच्या यागीचा (एका दांडीवर आडव्या काड्या बसवलेल्या अँटेनाचा) झोत तीस-चाळीस अंश रुंद असतो. हातात धरून, फोनवरचा नकाशा पाहत अंदाजाने फिरवला तरी काम होतं. उन्नतांश १५ ते २० अंशांवर कायमचा बांधून फक्त दिगंश फिरवला तरी बहुतेक पास मिळतात, कारण बहुतेक पास खालूनच जातात आणि वर आलेला उपग्रह मुळात जवळ असतो.

डिशला मात्र गत्यंतर नाही. झोताची रुंदी अंशांत साधारण ७० गुणिले तरंगलांबी भागिले व्यास. एक मीटरची डिश १.७ गिगाहर्ट्झवर १२ अंश देते, त्यात जमून जातं. १.२ मीटरची डिश ८.२ गिगाहर्ट्झवर दोन अंशच देते. तिथे एक सेकंदाची घड्याळचूकसुद्धा अर्धा सिग्नल नेते.

रोटेटर आहे, तरी नेमका डोक्यावरच्या पासला सिग्नल तुटतो.

हा दोष तुमच्या यंत्राचा नाही, दिगंश-उन्नतांश मांडणीचाच आहे. माथ्याजवळ थोडंसं सरकायलाही दिगंश झपाट्याने वळवावा लागतो. ८५ अंशांवरून जाणाऱ्या पासला टीसीएच्या क्षणी दिगंशाला सेकंदाला १२ अंश वेग लागतो. हौशी रोटेटर दिगंशात सेकंदाला सहाच्या आसपास आणि उन्नतांशात अडीच अंश वळतात. म्हणजे ८० अंशांच्या वरचा कुठलाही पास त्यांना झेपत नाही.

तीन उपाय आहेत. उन्नतांश १८० अंशांपर्यंत जात असेल तर प्रोग्रॅममध्ये उलटा मोड लावा: दिगंश जागीच ठेवून अँटेना माथ्यावरून पाठीमागे कलंडतो. तसं नसेल तर माथ्याशी अचूक पाठलागाचा हट्ट सोडून दिगंश थोडा आधीच वळवायला सुरुवात करा. उपग्रह सर्वांत जवळ असल्याने झोताच्या कडेनेही पुरेसा सिग्नल येतो. तिसरा उपाय एक्स-वाय मांडणीचा, ज्यात अडचणीची जागा माथ्यावर नसून क्षितिजावर असते. मोठी केंद्रं तो वापरतात.

दुसरी नेहमीची अडचण थांब्याची. रोटेटरचा थांबा उत्तरेला असेल आणि पास उत्तर ओलांडून गेला, तर यंत्र अख्खी फेरी उलटी मारतं. मिनिटभर अँटेना भलतीकडे. ४५० अंश फिरणारा रोटेटर असेल तर तो वाढीव पल्ला प्रोग्रॅमला सांगायला विसरू नका, नुसता असून उपयोग नाही. आणि मृतपट्टा, म्हणजे जेवढ्या फरकाला रोटेटर हलत नाही तो, दोन-तीन अंशांचा ठेवा. शून्य ठेवला तर रिले दर सेकंदाला टकटकत राहतो आणि लवकर जळतो.

हॅमलिबमध्ये रोटेटरचा दुवा ४५३३ या पोर्टवर असतो, रेडिओचा ४५३२ वर. दोन्हींची अदलाबदल झाली की प्रोग्रॅम ‘जोडलं’ म्हणतो आणि काहीच हलत नाही.

उत्तर दिशा कंपासने धरली. बरोबर ना?

कंपास चुंबकीय उत्तर दाखवतो, प्रोग्रॅमला खरी उत्तर हवी. दोन्हींतला फरक जागेनुसार शून्य ते वीसेक अंश असू शकतो. शिवाय लोखंडी खांबाशेजारी कंपास धरला तर तो खांबच दाखवतो. सूर्याचा उपयोग करा: प्रोग्रॅममध्ये त्या क्षणीचा सूर्याचा दिगंश बघा आणि अँटेनाच्या बूमची (मधल्या लांब दांडीची) सावली बूमखालीच पडेल असा वळवा. डिशला तर सूर्याची खरखर ऐकूनच नेम लावता येतो.

अक्षांश-रेखांश भरतानाही जपून. ४० अंश ३० कला म्हणजे ४०.५, ४०.३० नव्हे, या चुकीने जागा २२ किलोमीटर सरकते आणि माथ्यावर नेम तीन अंश हुकतो. पश्चिम रेखांश ऋण असतो. जागा शंभर-दोनशे मीटर चुकली तर मात्र काही बिघडत नाही.

सिग्नल ठरावीक लयीत चढतो-पडतो. अँटेना तर बरोबर रोखलेला आहे.

बहुधा ध्रुवीकरण, म्हणजे लहरीचं कंपन उभं की आडवं ते. उपग्रह गरगरत असतो, त्याचा साधा अँटेना कधी उभा तर कधी आडवा होतो. तुमची यागी उभी आणि त्याची आडवी झाली की वीस डेसिबेल सहज जातात. यागी हातात असेल तर मनगट वळवा, सिग्नल परत येईल. स्थिर अँटेनासाठी वर्तुळाकार ध्रुवीकरण घ्या: ३ डेसिबेल कायम जातात, पण खड्डे बुजतात. वर्तुळाकारातही डावं-उजवं असतं, चुकीची बाजू निवडली तर सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. क्रॉस-यागी बसवताना आडवी दांडी फायबरची घ्या, धातूची दांडी ते सगळं बिघडवते.

नुकत्याच सोडलेल्या क्यूबसॅटचा टीएलई कोणता? यादीत सगळ्यांना ‘ऑब्जेक्ट’ म्हटलंय.

एका रॉकेटमधून दहा-वीस पेट्या सुटल्या की रडारला ठिपके दिसतात, नावं दिसत नाहीत. पहिले काही दिवस कुठलाही एक घ्या, सगळे एकमेकांपासून काही सेकंदांवरच असतात. मग ते पांगतात. सुटतानाचा वाटेच्या दिशेतला वेग सेकंदाला १० सेंटिमीटरने वेगळा असेल तर अंतर रोज सुमारे २६ किलोमीटर वाढतं, म्हणजे साडेतीन सेकंद. आणि पुढे ढकललेली पेटी मागे पडते. वेग वाढल्याने ती वरच्या, लांबच्या कक्षेत जाते.

ओळख पटवायची डॉप्लरने. पास ध्वनिमुद्रित करा, वारंवारतेचा उतार सर्वांत तीव्र कधी होता तो क्षण नोंदवा. तोच टीसीए. प्रत्येक ऑब्जेक्टच्या टीएलईवरून टीसीए काढा आणि कोणाचा जुळतो ते बघा. दोन-तीन दिवसांचे पास आणि पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंचे घेतले तर शंका राहत नाही. ही युक्ती पहिल्या उपग्रहाइतकीच जुनी आहे: १९५७ च्या ऑक्टोबरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाक या दोघांनी स्पुटनिकच्या २० मेगाहर्ट्झच्या बीपचा डॉप्लर मोजून त्याची कक्षा काढली. कक्षा माहीत असेल तर उलट ऐकणाऱ्याची जागा काढता येईल, या पुढच्या विचारातून ट्रान्झिट ही उपग्रह-दिशादर्शन प्रणाली निघाली.

सगळं केलं, तरी काहीच ऐकू आलं नाही. कुठून तपासू?

या क्रमाने, कारण वरच्या चुका जास्त आढळतात:

१. संगणकाचं घड्याळ एनटीपीशी (इंटरनेटवरून अचूक वेळ देणारी सेवा) जुळवा आणि वेळ-विभाग तपासा. यादी यूटीसीत आहे की स्थानिक वेळेत, याचा घोळ सर्वांत जास्त होतो.
२. टीएलईची तारीख पाहा. ‘अपडेट’ दाबलं म्हणजे झालं असं नाही; फाइल उतरलीच नसेल तर प्रोग्रॅम जुन्यावर गुपचूप चालतो.
३. कॅटलॉग क्रमांक, मग तुमच्या जागेचे आकडे.
४. उपग्रह चालू आहे का? कित्येक क्यूबसॅट सावलीत बंद होतात, काही ठरल्या वेळीच बोलतात. स्थानकावरचा हौशी रेडिओ अंतराळवीर बाहेर काम करत असताना किंवा यान जोडलं जात असताना बंद ठेवतात.
५. डोंगलची वारंवारता एखाद्या माहितीच्या स्थिर प्रक्षेपणावर तपासा.
६. मग केबलची टोकं. पावसाचं पाणी शिरलेला कनेक्टर बाहेरून अगदी शहाणा दिसतो.

पहिला प्रयत्न अशा उपग्रहावर करा जो सतत आणि जोरात बोलतो, मेटिओर चांगला. दुबळ्या क्यूबसॅटवर सुरुवात केली तर चूक तुमची की त्याची, हे कळायला मार्ग नसतो.

सगळे पास आपोआप नोंदवायचे आहेत. काय लक्षात ठेवू?

जागा. सेकंदाला १.०२४ दशलक्ष नमुन्यांनी, आठ-आठ बिटांचं, दहा मिनिटांचं मुद्रण सव्वा गिगाबाइटच्या आसपास होतं, २.४ दशलक्षने पावणेतीन-तीन. दिवसाला पंधरा पास धरले तर आठवड्यात डिस्क भरते, म्हणून चित्र निघालं की कच्चा माल पुसणारी ओळ पहिल्याच दिवशी लिहा. दोन उपग्रह एकाच वेळी वर असतील तर कोणाला घ्यायचं हे आधी ठरवा, कमाल उन्नतांशावरून ठरवणं पुरतं. मुद्रण एओएसच्या मिनिटभर आधी सुरू करा आणि एलओएसनंतर मिनिटभराने थांबवा, टीएलई शिळा निघाला तरी पासचा शेंडा-बुडखा हातचा जाणार नाही. रोटेटर असेल तर प्रत्येक पासनंतर त्याला ठरलेल्या जागी परत न्या आणि वाऱ्यासाठी उन्नतांश ९० वर उभा ठेवा.